समोरून उघडणारं मशीन

जुनं वॉशिंग मशीन वरून उघडायचं, आणि आबांच्या मते मशीनने वरूनच उघडावं. झाकण उचला, कपडे टाका, झाकण लावा. मध्येच आठवलं की खिशात किल्ली राहिली, तर पुन्हा झाकण उचला, हात घाला, किल्ली काढा. विहिरीपासून हंड्यापर्यंत पाणी साठवणाऱ्या सगळ्या वस्तूंचं तोंड वर असतं, आणि पाण्यातलं आबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली होती. पहाटे सायकलवरून जायचं, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालून फिरवायची, की अर्ध्या वस्तीच्या नळांना पाणी. लोक त्यांना चावीवाला म्हणायचे आणि पाणी उशिरा आलं तर आणखीही बरंच काही म्हणायचे.

पण जुनं मशीन एक दिवस कपडे पोटात घेऊन गप्प झालं ते झालंच, आणि मुलाने हे नवं आणलं. मुलगा चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवतो. त्यामुळे जिला काच आहे अशा कुठल्याही वस्तूवर त्याचा चटकन विश्वास बसतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात त्याने ते पांढरं धूड बसवलं, गोल काचेच्या दारावरून हात फिरवला आणि सगळ्यांना उभं करून भाषण दिलं.

"बाबा, याला पाणी निम्मं लागतं. कपडे घुसळले जात नाहीत, वरून खाली आपटतात, म्हणून फाटत नाहीत. पाणी स्वतः तापवतं. आणि पिळून असे देतं की दोरीवर घालायचे ते नुसते नावाला."

"आणि मध्येच दार उघडलं तर?"

"उघडतच नाही. एकदा सुरू झालं की कुलूप."

"हं," आबा म्हणाले. त्या 'हं'मध्ये काय काय होतं ते मुलाला कळायचं काही कारण नव्हतं.

सून शाळेच्या कार्यालयात काम करायची. तिचं मत दोन्हीकडून होतं. पिळून पिळून दुखणारा तिचा उजवा खांदा पहिल्या महिन्यातच शांत झाला, आणि त्यासाठी ती मशीनला दुवा द्यायची. पण शिव्याही तीच द्यायची. "देवापुढे वाकले नसेन इतकी याच्यापुढे वाकते," ती म्हणायची. दाराभोवतीच्या रबराच्या वळीत पाणी साचायचं, ते पुसलं नाही तर कुबट वास मारायचा. एका पायाचे मोजे त्याच वळीत दडून बसायचे. शेवटी पिळायला लागलं की घर असं हादरायचं की मांडणीतल्या ताटल्या आपसात बोलायला लागायच्या. आणि वेळ! सकाळी लावावं तर कामावर जायची घाई, संध्याकाळी लावावं तर जेवणं उरकली तरी हे आपलं फिरतंच आहे.

कसलीही तक्रार नव्हती ती फक्त भुंग्याला. भुंगा म्हणजे नात. बालवर्गात जायची. सदानकदा नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत असायची म्हणून आबांनीच हे नाव ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं. मशीन सुरू झालं की ती आपलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढत आणायची आणि काचेला नाक लावून बसायची. "आबा, ये लवकर! तुझा शर्ट माझ्या फ्रॉकला मारतोय!" मग आबा यायचे, आणि दोघं मिळून भांडण सोडवायचे.

आजी गेली त्या महिन्यापासून भुंगा आबांजवळ झोपायची. तिला आबांची सोबत म्हणून नव्हे, आबांना तिची. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. झोपेत ती आपला एक पाय आबांच्या पोटावर टाकायची. रिकाम्या पलंगावर कूस बदलायची भीती ज्याने अनुभवली आहे, त्यालाच त्या पायाचं वजन कळेल. आबांना दिवस कसाही गेला तरी चालायचा. रात्री तो पाय पोटावर आला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

आणि नेमकं तिथेच दुखणं आलं. आयुष्यभर वस्तीचं पाणी वेळेवर सोडलं, वेळेवर बंद केलं, आणि म्हातारपणी स्वतःचाच व्हॉल्व्ह गळायला लागला. रोज नाही, पण आठवड्यात एखादी रात्र उजाडायची तीच ओली. आबांनी ही गोष्ट डॉक्टरला सांगितली नाही, मुलाला सांगितली नाही, आणि सुनेला सांगायची तर कल्पनासुद्धा त्यांना करवेना. ते कडेला झोपायचे, अंगाखाली टॉवेलची घडी ठेवायचे. तरी चादर भिजलीच तर सगळे बाहेर पडेपर्यंत ती पांघरुणाखाली झाकायची, मग जुन्या मशीनचं झाकण उचलून टाकायची. थोड्याच वेळात धुऊन गच्चीत, आणि सून घरी यायच्या आत पुन्हा पलंगावर. त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

नव्या मशीनने हा सगळा बंदोबस्त मोडला. एक तर ते तासन्‌तास फिरणार. त्यात कुलूप. आणि त्यात काच. ज्या गोष्टी माणूस झाकायला धुतो, त्याच दाखवत दाखवत धुणारं यंत्र कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं असेल, असं आबांना वाटायचं.

मग ती सकाळ आली. आबांना पहाटे डोळा लागला होता. जाग आली तेव्हा पायजमा ओला होता. तो बदलून ते न्हाणीघरातून परत येतात तो सून भुंग्याला उठवायला पलंगापाशी उभी. पोरगी रात्रीत लोळत लोळत आबांच्या जागेवर आली होती.

"अगं बाई! भुंग्या, हे काय? एवढी मोठी झालीस ना तू?"

भुंग्याने डोळे चोळले, फ्रॉकला हात लावून पाहिला. ओला होता. तिने आईकडे पाहिलं, मग चादरीकडे. काय झालं ते तिला कळेना, पण काहीतरी लाजिरवाणं झालंय हे कळलं.

त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. 'तिने नाही, मी.' आबांनी तोंड उघडलंही. आणि तोंडातून आलं ते भलतंच.

"असू दे गं. लहान आहे," ते म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आपण ऐकलेलं असतं. पण फाशी देताना चोरानेच पुढे होऊन दया दाखवावी, म्हणजे कमाल झाली! सून म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला फार लाडावून ठेवलंय." आबा त्यावर हसले. नंतर कधीही ते हसू आठवलं की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

असं नाही की त्यांना पोरीची कीव नव्हती. पण खरं कळलं तर काय होईल ते त्यांनी मनात शंभरदा पाहून ठेवलं होतं. कुठली आई आपल्या लेकीला अंथरूण ओलं करणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी झोपू देईल? कुणी तोंडावर बोलणार नाही. एके दिवशी भुंग्याची गादी पलीकडच्या खोलीत पडेल, एवढंच. ते 'एवढंच' आबांना सोसणारं नव्हतं.

एकदा मूग गिळले की ते पोटात राहतात, आणि दर वेळी आणखी गिळावे लागतात. चादर पुन्हा ओली झाली, आणखी एकदा झाली. आता लपवायचं कारणच उरलं नव्हतं. नाव आयतंच तयार होतं. भुंग्याला दिवेलागणीनंतर पाणी बंद झालं, दूध सकाळी मिळायला लागलं. गादीवर रबरी कापड आलं. तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "शाळेत कुणी रागावतं का? घरात भांडणं होतात का?" असं त्यांनी विचारल्यावर मुलगा आणि सून घरी येऊन भांडले, की आपण भांडतो म्हणून हिला असं होतंय का. आबा वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. वाचत नव्हते.

भुंग्याचं गुणगुणणं बंद झालं. घरात आधी ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सतत चालणारा पंखा बंद पडला की कसं, काय बदललं ते कळायला वेळ लागतो. झोपण्याआधी ती स्वतःहून दोनदा जाऊन यायची आणि पलंगावर अगदी सरळ, हलायची नाही अशी पडायची. पाय आबांच्या पोटावर टाकायची नाही.

"आबा, एकच घोट पाणी दे ना," एकदा तिने अंधारात विचारलं.

"आई रागावेल. झोप. उद्या बघू."

ज्याने हजारो घरांना पाणी दिलं, त्याने नातीला घोटभर दिलं नाही. तिला पाणी देऊन काही बिघडणार नाही, हे त्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. पण घाबरलेला माणूस नियम फार काटेकोर पाळतो. पाणी दिलेलं सुनेला कळलं असतं तर तिने पोरीला आपल्या खोलीत नेलं असतं, म्हणून त्यांनी दिलं नाही. या हिशेबात पोरीची तहान कुठे धरायची ते त्यांना सुचलं नाही.

एका रात्री भुंगा आत्याकडे राहिली. आत्याच्या मुलाचा वाढदिवस होता, आणि सकाळी आत्याच तिला शाळेत सोडणार होती. सुनेने भुंगा नाही तोवर म्हणून पलंगावर धुतलेली चादर घातली, पिवळ्या होड्यांची, भुंग्याच्या आवडीची. आबांनी त्या रात्री चहासुद्धा घेतला नाही. आज झालं तर नाव घ्यायला कुणी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भीतीनेच झालं की काय कोण जाणे, सकाळी सगळ्या होड्या पाण्यात.

मुलगा आणि सून बाहेर पडेपर्यंत आबा अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिले. "बरं नाही का?" मुलाने विचारलं. "जरा अंग मोडून आलंय," ते म्हणाले. दार लागल्याबरोबर उठले. आधी बादलीत धुवायची म्हणाले, पण बोटांचे सांधे असे आखडलेले की भिजलेली चादर उचलता येईना, पिळायची तर दूरच. नाइलाजाने मशीनसमोर येऊन बसले. गुडघे कुरकुरले. चादर आत कोंबली, दार दाबलं.

आता खटका कुठे फिरवायचा? मुलाने सांगितलेलं आठवत होतं, एक छोटी धुलाई असते, झटपट उरकणारी. पण आबांचा जन्म पाणी सोडण्यात गेलेला. लवकर बंद केलेल्या पाण्याने टाक्या भरत नाहीत आणि लोक दारात येतात, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. थोडक्या पाण्याने वास जाईल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी खटका सगळ्यात लांबच्या धुलाईवर नेला, पाणी सगळ्यात कडक तापवायला सांगितलं आणि बटण दाबलं. कट्‌ करून कुलूप लागलं. सून संध्याकाळी येणार. तोवर ही धुऊन, वाळून, घडी होऊन पलंगावर असेल. आबा निश्चिंत झाले आणि दाढी करायला बसले.

अर्ध्या गालाला साबण असताना बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

सुनेचं डोकं उठलं होतं. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, आणि शाळा तीच असल्यामुळे भुंग्यालाही घेऊन आली होती. तिचा आवाज ऐकला आणि आबांची पाचावर धारण बसली. ते तसेच बोळात धावले. बटण दाबलं. मशीन थांबलं, पण दार उघडेना. ओढलं, हिसकलं. भिंतीवरचा स्विच बंद केला. तरी नाही. आत कडक पाणी होतं, आणि पाणी आत असेपर्यंत ते दार कुणाच्या बापालाही उघडणार नव्हतं. काचेमागे पिवळ्या होड्या वाफाळत्या पाण्यात निवांत तरंगत होत्या. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दारावर अडकवला आणि त्यापुढे उभे राहिले.

"बाबा, दाढी अर्धी टाकून इथे काय करताय?" सून कपाळ दाबत म्हणाली. "आणि मशीन कुणी लावलं?"

"मी. माझेच होते दोन कपडे."

भुंगा दप्तर टाकून सवयीने स्टूल घेऊन आली. आबांच्या बाजूने वाकली आणि टॉवेल उचलला.

"आई, माझी होड्यांची चादर!"

सुनेनेही वाकून पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. "ही तर मी कालच घातली होती," ती म्हणाली. आवाजात संशय नव्हता, नुसतं कोडं होतं. "हिला काय झालं?"

चहा सांडला. औषधाची बाटली फुटली. पाण्याचा तांब्या लवंडला. तीनही वाक्यं आबांच्या जिभेवर रांग लावून उभी होती. ते त्यांतलं एक निवडत होते, खोटं नाही सांगत, खरोखर निवडत होते, तेवढ्यात भुंगा स्टुलावरून उतरली.

"सॉरी आई," ती म्हणाली. "माझ्याकडून झालं."

"अगं, तू काल आत्याकडे होतीस."

"हो ना." भुंगा खाली बघत फ्रॉकचं टोक पिळत होती. "तिकडे मी खूप धरून ठेवली. अजिबात नाही झाली. म्हणून मग इकडे झाली असेल."

सुनेला हसू फुटलं, आणि तोंडापर्यंत येऊन ते तिथेच थिजलं. कारण पोरगी गंमत करत नव्हती. तिने मनाशी नीट विचार करून हे ठरवलं होतं. घरात चादर ओली झाली की ती आपणच केलेली असते, मग आपण कुठेही झोपलेलो असू.

मशीनला पाठ टेकून आबा खालीच बसले, अर्ध्या गालावर साबण वाळलेला.

"तिने नाही," ते म्हणाले. "मी. आज मी, आणि दर वेळी मीच. तिने एकदाही नाही केली."

सून स्टूल जवळ ओढून त्यावर बसली. भुंगा एकदा आईकडे, एकदा आबांकडे बघत होती.

"दर वेळी?" सुनेने विचारलं. "डॉक्टरांकडे नेलं तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि तुम्ही समोर बसून ऐकत होता, बाबा?"

"हो."

"का पण? माझ्या वडिलांचं मी सगळं केलंय. यावर औषधं आहेत, उपाय आहेत. तुम्ही एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"तू तिला माझ्याजवळ झोपू दिली नसतीस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" सून ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं की कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. "रबरी कापड घातलं असतं, तुमच्या बाजूला! त्यात काय होतं एवढं? झोपली असती ती तुमच्याजवळ!"

आबांना वाटलं होतं की सगळ्यात वाईट म्हणजे ती नाही म्हणेल. ती हो म्हणाली असती, हे त्याहून वाईट निघालं.

भुंगा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिचा चेहरा आता लाजलेला नव्हता. गणित घातल्यावर होतो तसा झाला होता.

"मी कधीच नाही?" तिने विचारलं.

"कधीच नाही, राणी."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"रात्री पण माहीत होतं? मी पाणी मागितलं तेव्हा?"

आबांनी होकाराची मान हलवली. भुंगा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग उठून आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

सुनेने मशीन पुन्हा सुरू केलं. मुलगा सांगायचा त्यातलं एकूण एक खरं होतं. दुपारी चादर निघाली ती वाळल्यासारखीच, कुठे डाग नाही, कसला वास नाही, होड्या नव्यासारख्या पिवळ्या.

संध्याकाळी मुलगा आला. सुनेने त्याला आत नेऊन सांगितलं. तो बाहेर आला, म्हणाला, "चावीवाल्याचीच चावी बिघडली म्हणायची," आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. उद्याच डॉक्टरांकडे जायचं ठरलं. घरात कुणी टाकून बोललं नाही. आबांना वाटत होतं, कुणी बोललं तर बरं.

जेवणं झाल्यावर सुनेने आबांचा पलंग नीट केला. त्यांच्या बाजूला रबरी कापड, वर होड्यांची चादर, दोन उश्या. "भुंग्या, चल, आबा वाट बघताहेत," तिने हाक मारली.

भुंगा आली. तिने आपली उशी उचलली आणि छातीशी धरली.

"मी तुमच्या खोलीत झोपणार," ती आईला म्हणाली.

"अगं, आता काही नाही होणार. मी कापड घातलंय ना."

"मला त्याचं काही नाही," भुंगा म्हणाली.

सुनेने आबांकडे पाहिलं. 'तुम्हीच सांगा तिला' असं ते पाहणं होतं. आबांनी एकदा म्हटलं असतं तर पोरगी कदाचित थांबलीही असती, पाच-सहा वर्षांचंच पोर ते. पण आपल्याला आता तिच्याकडे काही मागता येत नाही, एवढं त्यांना कळलं होतं. तिला जायला वाट मिळावी म्हणून त्यांनी पाय वर घेतले.

दारापाशी जाऊन ती वळली. आबांचे डोळे भरलेले तिला दिसले असावेत. पोरगी मुळात मायाळू.

"रडू नकोस हं, आबा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "उद्या बघू."

त्या घरात 'उद्या बघू' कोण कुणाला आणि कशासाठी म्हणतं, ते आबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मान डोलावली आणि दिवा मालवला.